बहार सेट होऊ दे

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण ‘सेट’ हा इंग्रजी शब्द मले कोणी शिकवू नये. अंजनगावकडं आमचं पोट त्याच्यावरच आहे. थंडीत संत्र्याच्या बागेचं पाणी तोडून झाडाले ताण द्यायचा. पानं सुकली की पाणी सोडायचं, मग फुलं येतात, तोच बहार. फुलामागं हिरवी गाठ धरली की आमी म्हणतो, फळ सेट झालं. मिस्तरी मोटरही सेटच करतो.

पोरगा पुण्यात सेट झाला. त्याची माय गेल्यापासून फोनवर एकच म्हणे, “बाबा, इकडं या. दोन महिन्यात सेट होऊन जाल.”

“बहार सेट होऊ दे, मग पाहू,” मी म्हणे.

यंदा तो गाडी घेऊन स्वतःच आला. बागेत फिरून बोराएवढी फळं पाहिली. “झाली ना सेट? चाला आता.”

खोटं बोलणं मले जमत नाही. “झाली. पण आता फळांची गळ होते. ते कोण पाहीन?”

तो बांधावर बसला. “तुमाले यायचंच नाही ना?”

“समजते, तं कावून विचारून राहिला?”

 त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि झाडांच्या आळ्यात पाणी सोडाले माझ्यामागं आला.