चाकाखालचं लिंबू

मागच्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी सात वाजता, पिपरी मेघेतल्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाखाली वडिलांना एक लिंबू दिसलं. ते मी ठेवलं होतं.

वडील शहात्तर वर्षांचे आहेत. डाव्या डोळ्याने त्यांना जवळपास दिसत नाही. आमचं शेत वडनेरला आहे आणि आठवड्यातून चार-पाचदा ते स्वतः गाडी चालवत तिकडे जात. डिसेंबरात, हिंगणघाटच्या अलीकडे, डाव्या बाजूचा सायकलवाला त्यांना दिसला नाही. तो कडेच्या मातीत पडला, वाचला. मागून येणाऱ्या एका माणसाने आपली गाडी आडवी घालून सांगितलं, तेव्हा वडिलांना ते कळलं. घरी आम्ही समजावलं, मग किल्ली लपवली. त्यांनी दुसरी करून आणली. बसचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. त्यावर त्यांनी भाजीची यादी लिहिली.

बातमीसाठी मी एकदा एका समुपदेशकाशी बोललो होतो. सवय उपदेशाने सुटत नाही, तिच्या वाटेत काहीतरी लहानसं आडवं ठेवा, असं ते म्हणाले होते. गाडी नवी आली तेव्हा वडिलांनीच चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. आता निघण्याआधी त्यांनी वाकावं, लिंबू उचलावं आणि तेवढ्यात जायलाच हवं का हे स्वतःला विचारावं, एवढाच हेतू होता. सकाळी त्यांना तसं सांगणार होतो. पाच वाजता कामाचा फोन आला आणि मी न सांगता निघालो. आदल्या दिवशी अमावस्या होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

संध्याकाळी परतलो तेव्हा गाडी जागेवर होती. वडील लिंबाला हात न लावता घरात आले, पाय धुतले आणि दिवसभर बाहेर पडले नाहीत, असं आईने सांगितलं. शेजारच्या काकू फाटकाबाहेरूनच बघून गेल्या होत्या. मी खरं सांगायला हवं होतं. पण गाडी उभी राहिली होती, म्हणून गप्प बसलो. लिंबू उचलून कचऱ्यात टाकलं.

बुधवारी सकाळी त्याच चाकाखाली दुसरं लिंबू होतं. ते मी ठेवलं नव्हतं. आईनेही नाही. वडिलांनी त्याला कोणाला हात लावू दिला नाही. शुक्रवारपर्यंत गल्लीतल्या आणखी तीन गाड्यांखाली लिंबं दिसली. कोणी विषय काढला नाही. लोक दुधाला पायी जाऊ लागले, चाकांपासून अंतर ठेवून, रस्त्याच्या मधोमध. एरवी सकाळी गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत. त्या आठवड्यात फक्त चपलांचे येत होते.

शनिवारी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खिडकीशी जाऊन त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"सोमवारचा तू ठेवला, मानलं," ते म्हणाले. "मंग बुधवारचा कोनं ठेवला?"

मी गल्लीत घरोघरी जाऊन विचारलं. प्रत्येकाने आपण ठेवलं नाही असं सांगितलं.

"तू तं लोकायच्या बातम्या शोधतं," वडील म्हणाले. "हे शोध. तोवर मी बसनं जातो."

सोमवारी ते पावणेआठच्या बसने हिंगणघाटला आणि तिथून वडनेरला गेले. त्यानंतर त्यांनी गाडी चालवलेली नाही. आज सकाळी मी वाकून पाहिलं. बुधवारचं लिंबू वाळून काळं पडलं आहे आणि चाकाखालीच आहे.