दादूमामाची पुडी

माझ्या सासूबाई, सोनाबाई, उलव्यात नव्या इमारतींमधला सिमेंटचा धुरळा झाडायच्या. आम्ही करंजाड्यात राहतो. काम संपवून आई घरी यायच्या ते नाक चोंदवूनच. त्यात साखरेचा आजार जुना. पण रजा घ्या म्हटलं की माझ्यावरच खेकसायच्या, "तू जातेस का झाडायला?"

धाकट्या भावावर, दादूमामावर, त्यांचा फार जीव. तो गावठी औषध देतो. कसली तरी मुळी कुटून करड्या भुकटीच्या पुड्या बांधतो. आमच्यात एक समजूत आहे, गावठी औषधाची वाच्यता केली की गुण जातो. आईंनी हे पथ्य असं पाळलं की नाकासाठी त्या मामाची पुडी घेतात याचा मला, एका छपराखाली राहून, पत्ता नव्हता!

एक दिवस आईंचा उजवा गाल सुजला. दात बधिर झाले, नाकातून काळी खपली पडली. मी त्यांना ओढतच पनवेलला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला आणि ताबडतोब दाखल करून घेतलं.

"नाकात बुरशी धरलीय," डॉक्टर म्हणाले. "साखर वाढली की ही हाडापर्यंत खात जाते. मेलेला भाग ऑपरेशननं काढू, सलाइनमधून औषध देऊ. पण साखर खाली आलीच पाहिजे, नाहीतर उजवा डोळा जाईल. दुसरं काही औषध घेता? स्टेरॉइड वगैरे?"

"काय नाय," आई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. इन्सुलिन चालू होतं, तरी साखर उतरेना. डॉक्टर मलाच बोलले, "घरून गोडधोड आणता का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! तिकडे मामा रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन यायचा, बहिणीच्या उशाशी बसून डोळे पुसायचा. मला वाटायचं, भाऊ असावा तर असा.

मग चादर बदलताना उशीखाली मामाची करड्या भुकटीची पुडी सापडली. मी ती तशीच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी मामाला बोलावून खडसावलं तेव्हा तो कबूल झाला. भुकटीत तो मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालत होता.

"गुण यावा म्हनून घालायचो," तो रडायला लागला. "साखर वाढते ते मला अडान्याला काय ठाव?"

पुडी बंद झाली तशी साखर उतरली. पण तोवर बुरशी डोळ्यात शिरली होती. जीव वाचवायला डोळा काढावा लागला.

"अडानी हाय बिचारा," आई म्हणायच्या. "माज्या भल्यासाठीच केलं त्यानं." मी दात-ओठ खायचे.

भाऊबीजेला मामा आला. मेल्याला लाजही नाही! आईंनी पाट मांडला, निरांजन लावलं. मामा सारखा नाक ओढत होता. आईंनी एका डोळ्यानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग उठल्या, तांदळाच्या डब्यात राहिलेली एक पुडी काढली आणि ताटात ठेवली.

"सर्दी झालीय ना? घे. एकीनं काय व्हतंय?"

मामा दचकून मागे सरला. "छे छे! मला नको, बाय. मला पन साखर हाय. पुडीनं लगेच चढते. म्हनून मी पयल्यापासनं कदी तोंडात घेतली नाय."

आई ताट हातात धरूनच म्हणाल्या, "म्हंजे ठाव व्हतं तुला."

मामा खाली बघत म्हणाला, "सख्खी भैन असून तूच डाक्टरकडं गेली असतीस तर माज्याकडं कोन आलं असतं?"

आईंनी ताट खाली ठेवलं. कपाळाला कुंकू लावायला भिजवलेलं बोट पदराला पुसलं.

"ऊठ पाटावरनं," त्या म्हणाल्या. "मला भाऊ नाय."