टाकीतलं डिझेल

आमच्या कारखान्यात खोदकामाची मशिनं बनतात. कारखान्याचा धूर मोजायचं काम माझ्याकडे आलं ते हुशारीमुळे नव्हे. काम वाटलं त्या बैठकीत माझ्या तोंडात समोसा होता आणि नाही म्हणायला जागा नव्हती. कार्बन उत्सर्जन कमी करू असं वचन कंपनीने जाहीर करून टाकलं होतं. अहवालावर हिरवं पानही छापलं होतं. आता धूर नेमका कुठून निघतो, तेवढंच शोधायचं राहिलं होतं.

कोथरूडला घरी बातमी दिली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढता, आणि कंपनीचा धूर तुम्ही कमी करणार. छान."

मी मनावर घेतलं. आठवडाभर नोंदवह्या चाळल्या आणि गुन्हेगार सापडला: टेस्टिंग यार्ड. तयार झालेलं प्रत्येक मशीन तिथे तीन तास चालवून बघतात आणि मगच ट्रेलरवर चढवतात. अख्ख्या कारखान्यात सगळ्यात जास्त डिझेल तिथे जात होतं. मी तक्ता काढला, त्यातला यार्डाचा खांब लालभडक रंगवला आणि बैठकीत मोठ्या साहेबांना सुचवलं, टेस्टिंग दीड तासावर आणा. टाळ्या पडल्या. मला टाळ्यांची सवय नाही. त्या संध्याकाळी कोथिंबीर आणायला मी चालत गेलो.

यार्डाच्या फोरमनना आम्ही सगळे मामा म्हणायचो. शहराबाहेरच्या गावातून मोटरसायकलवर यायचे, निवृत्तीला काही महिने उरले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, मशीन चांगलं तापलं की मग पाइपातनं तेल पाझरतंय का ते कळतं. दीड तासात समदं ठणठणीतच दिसणार हाय. पाझरणार ते गिऱ्हाइकाच्या खाणीत. आजवर माझ्या हातचं एक मशीन परत आलं नाही. जाता जाता माझ्या नावाला बट्टा लावता व्हय?"

"मामा, आकडे तर बघा," मी तक्ता पुढे सरकवला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चला," म्हणाले.

यार्डात एक मशीन ट्रेलरची वाट बघत उभं होतं. मी कसाबसा त्यावर चढलो. माझा एक बूट खालीच राहिला. मामांनी टाकीचं झाकण काढलं, पट्टी आत बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली. अर्ध्याच्या वर ओली होती.

"हे कुठं जळलं, सांगा."

मी पट्टीचा वास घेऊन बघितला. डिझेलच होतं.

"लेक सासरी धाडताना ओटी भरतो का नाही आपण? मशीन कुठल्या रानात उतरंल, तिथं पंप असंल, नसंल. म्हणून मोकळ्या टाकीनं कधी धाडत नाही. मी लागलो तवापासनं असंच हाय."

नोंदवहीत रकाना एकच होता. टेस्टिंगमध्ये जळलेलं आणि ओटीत घातलेलं डिझेल त्यात एकत्र लिहिलेलं, आणि मी सगळंच कागदावर जाळून मोकळा झालो होतो. या विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. जेवण उत्तम होतं.

"मला हे कोणी सांगितलं नाही, मामा."

"तुम्ही इचारलं कवा?"

मग विचारलं, एका पायात बूट घालून. तेव्हा मामांनीच दाखवलं की टेस्टिंग संपल्यावरही केबिनमध्ये एसीच्या गारव्यात बसायला पोरं मशिनं उगाच चालू ठेवतात. "बंद करा म्हणून सांगून दमलो. तुम्ही कागद काढा, कागदाचं ऐकतात."

पुढच्या बैठकीत मी बुटका झालेला लाल खांब दाखवला आणि चूक कबूल केली. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही कमी करणार होता त्यातला निम्मा धूर इथे निघालाच नव्हता. वा!" या वेळी टाळ्या नव्हत्या. पण टेस्टिंगचे तीन तास टिकले, उगाच घरघरणारी मशिनं बंद करायचा कागद निघाला आणि नोंदवहीत नवा रकाना आला. त्याचं नाव मामांनी स्वतः लिहिलं: 'सोबत दिलेलं'.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटचं मशीन पूर्ण तीन तास चालवलं, प्रत्येक पाइपावरून हात फिरवला आणि डिझेलची नळी माझ्या हातात दिली. "आज ओटी तुम्ही भरा."

मी भरली. थोडं टाकीत गेलं, बरंचसं माझ्या पँटवर.

मामांनी शांतपणे नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, हे कुठल्या रकान्यात लिहू?"