दहा हजार चारशे तीन

टिळकवाडीत आमच्या घरी विजेचा मीटर बघायला येणाऱ्या माणसाला आकडा नुसता टिपून जाता येत नाही. खिशातल्या पाठकोऱ्या कागदावर तो आकडा फोडून बघतो, "बाई, ह्यात सात हाय, तेरा बी हाय," असं सांगतो आणि मगच पुढच्या घरी जातो.

गेल्या महिन्यात आकडा आला १०४०३. बराच वेळ भागाकार करून तो म्हणाला, "काय केलं तरी फुटत न्हाय. मूळ संख्या हाय बघा." मी गणिताची शिक्षिका. न तपासताच मान डोलावली.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो लांबच्या आपल्या गावाहून, संकेश्वरहून, मुद्दाम बसनं आला. दारातूनच म्हणाला, "चुकलो बाई. सत्त्याण्णवपर्यंत भागलं आन थांबलो. एकशे एक गुणिले एकशे तीन हाय त्यो."

मला हसू आलं. "अहो, मीटर केव्हाच पुढं गेला."

"मीटर गेला. आकडा हाय तिथंच हाय की." मग जरा दबकत त्यानं विचारलं, "शाळंत पोरांस्नी सांगितलं न्हाईसा न्हवं?"

"नाही," मी म्हणाले.

शुक्रवारीच आठवीच्या सगळ्या वर्गानं तो 'मूळ संख्या' म्हणून वहीत उतरून घेतला होता.