गावंडे सरांची हरकतींची वही

प्राध्यापक नारायणराव गावंडे यांची आणि माझी पहिली भेट यवतमाळच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीशी झाली. साल अठ्ठावन्न, महिना जून. प्रवेशअर्जातल्या धर्माच्या रकान्यापाशी माझा टाक अडला होता. दीड वर्षापूर्वी आमच्या घराने धम्म स्वीकारला होता, पण शाळेच्या दाखल्यावर जुनेच लिहिलेले होते. कारकून म्हणत होते, दाखल्यावर आहे तेच लिही. माझ्या मागे उभे असलेले एक उंच गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "अर्ज त्यांचा आहे ना? मग खरं असेल ते त्यांना लिहू द्या." मला कोणी 'त्यांना' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी 'बौद्ध' असे लिहिले आणि या सरांचा जो कुठला विषय असेल तो घ्यायचा हेही तिथेच ठरवून टाकले. तो विषय राज्यशास्त्र आहे हे नंतर कळले.

सरांचा जीव फ्रान्समध्ये अडकलेला होता. ते तिकडे कधी गेलेले नाहीत, त्यांची धाव फार तर मुंबईपर्यंत. पण इंग्लंडची राज्यघटना आठवडाभरात उरकून ते फ्रान्सला महिना-दीड महिना देत. रंगात आले की त्यांची शुद्ध भाषा सुटे. "तिथलं सरकार वर्षात दोनदा पडते. तरी रस्ते होऊन राह्यले, शाळा चालून राह्यल्या. काहून?" मग ते समजावून सांगत, की मंत्री बदलले तरी मसुदे तपासून सल्ला देणारी राज्य परिषद तीच असते, जिल्ह्याचा प्रीफेक्ट आपल्या कलेक्टरासारखा खुर्चीत घट्ट असतो, आणि मोठी योजना आखताना शेतकरी, कामगार, कारखानदार यांना एकाच टेबलाशी बसवतात. सगळ्यात आवडता त्यांचा धडा हरकतींच्या वहीचा. सरकारला लोकांच्या कामासाठी कुठे काही बांधायचे असले की त्याचे कागद गावच्या कचेरीत मांडतात, शेजारी एक कोरी वही ठेवतात, आणि वाटेल त्याने येऊन तीत आपले म्हणणे लिहावे. चौकशी करणारा गृहस्थ ते सारे वाचतो, लोकांना भेटतो आणि मगच अहवाल देतो. "निर्णय चुकला तरी चालेल," सर म्हणत, "पण न विचारता चुकू नये."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास फ्रान्सने आपली घटनाच बदलली. सरांनी आम्हाला शिकवलेला दुबळा राष्ट्राध्यक्ष एकाएकी बलवान झाला. पाठ्यपुस्तकात अर्थातच जुनेच छापलेले. दुसरे कोणी असते तर परीक्षा होईपर्यंत गप्प बसले असते. सर वर्गात आले, वर्तमानपत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "वहीतल्या पहिल्या सोळा पानांवर आडवी रेघ मारा. मी तुम्हाला मेलेलं शिकवलं." नंतर रविवारी घरी बोलावून त्यांनी ती सोळा पाने पुन्हा शिकवली. सरांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या वहिनी, यांनी तेव्हा केलेली गोळाभाजी अजून आठवते, राष्ट्राध्यक्षाचे अधिकार तेवढे आता नीट आठवत नाहीत.

पदवी घेऊन मी नेरच्या बाजूला आमच्याच गावी प्राथमिक शिक्षक झालो. आता जे सांगायचे आहे ते तिथले.

आमच्या गावाच्या आणि बाजाराच्या गावाच्या मधून खडकी नाला जातो. उन्हाळ्यात त्यात पोरे चेंडू खेळतात. पावसाळ्यात तो चार-चार दिवस कोणाला पार होऊ देत नाही. नाल्याअलीकडे आमचे गाव, दोन तांडे आणि कोलाम आदिवासींची एक वस्ती, म्हणजे पोड, आणि या चौघांना मिळून एकही पक्का रस्ता नाही. माझी पत्नी सुशीला हिला पहिल्या वेळी श्रावणात कळा सुरू झाल्या. बैलगाडी नाल्याच्या काठावर दिवसभर उभी राहिली. सुशीला वाचली, मूल वाचले नाही. त्यानंतर ती मला एकदाच आणि स्पष्ट म्हणाली, "नाल्याच्या या अंगाले दवाखाना झाला तर पाहू. नाही तं आपल्या घरात पाळणा नको."

नवी पंचायत समिती स्थापन झाली आणि आमच्या भागाला प्रसूतीच्या चार खाटांचे एक उपकेंद्र मंजूर झाले. जागा कुठे घ्यायची यासाठी तिघांची समिती नेमली आणि तिचे प्रमुख म्हणून गावंडे सरांना बोलावले, कारण सभापती त्यांचेच जुने विद्यार्थी. सरांनी काय केले असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. बाजाराच्या गावातल्या ग्रामपंचायतीत त्यांनी नकाशा लावला आणि कोरी वही ठेवली. मुदत पंधरा दिवस. नकाशात जागा दाखवली होती ती बाजाराच्या गावातली, एका व्यापाऱ्याने फुकट देऊ केलेली.

पंधरा दिवसांत वहीत तीन नोंदी झाल्या. तिन्ही त्याच गावच्या, तिन्ही आनंदाच्या. आमच्या अंगाने एक अक्षर नाही. सरांनी 'हरकत नाही' असा अहवाल लिहून सही केली.

ते कळले तेव्हा सुशीलाने चुलीवरची भाकरी उलटली नाही, ती करपली. मी दुसऱ्याच दिवशी यवतमाळची एसटी धरली. सरांना सांगितले, की आमच्याकडे सरकारी वहीत नाव चढले म्हणजे पुढे कोर्टाची नोटीस किंवा जंगल खात्याचा शिपाई येतो अशी समजूत आहे. शिवाय लिहिता येणार किती जणांना, आणि बायांनी त्या कचेरीची पायरी कधी चढलेली नाही.

सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुम्ही? तुम्हाला लिहिता येतं ना?"

खरे उत्तर हे की मी भ्यालो. व्यापाऱ्याची ओळख वरपर्यंत, माझी नोकरी नवी, बदलीचा हुकूम निघायला किती वेळ लागतो! धर्माच्या रकान्यात निर्भयपणे लिहिणारा मी, बायकोच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा हात आखडून बसलो. हे सरांना सांगताना मला रडू आले आणि ते मी लपवले नाही.

सर उठून खुंटीवरच्या कोटापाशी गेले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच शिकवून राह्यलो अन् माह्या पोराले लिहायची हिंमत होत नाही, तं चूक कोणाची? तिथं कोऱ्या वहीपर्यंत लोक येतात. इथं वहीनं लोकांपर्यंत जायला पाहिजे होतं. मी पुस्तकातून उतरवलं, गाव पाहिलंच नाही." आणि कोट चढवून ते मला घेऊन थेट सभापतींकडे निघाले.

सभापती अडचणीत पडले. "सर, आता सही झाली. ठराव पुढच्या बैठकीत आहे."

"सही माझी आहे," सर म्हणाले. "ती चुकली हे लिहून द्यायलाही मीच लागतो." एका पानाचे पत्र त्यांनी तिथेच लिहिले. 'अहवाल सदोष आहे, दोष माझा आहे, दहा दिवस द्यावेत.' आपल्याकडे चूक कबूल करणारा सरकारी कागद मी तेवढा एकच पाहिला आहे.

त्यातले पहिले आठ दिवस सर आमच्या शाळेच्या ओसरीवर मुक्कामाला होते. भल्या सकाळी विहिरीपाशी, दुपारी तांड्यावर किंवा पोडावर, वही मांडीवर घेऊन ते बसत. कोलामांचे म्हणणे त्यांच्यातलाच एक जण मराठीत सांगे. पहिल्या दिवशी कोणी बोलेना. दुसऱ्या दिवशी आमची म्हातारी सुईण, सुंदरामाय, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"मी अंगठा देत नाही. मी सांगतो अन् तू लिव."

"लिहितो, माय."

तिने एकेक नाव सांगायला सुरुवात केली. नाल्याच्या काठावर, गाडीत किंवा घरातच गेलेल्या बायांची नावे. सरांनी साल विचारले तर म्हणाली, "साल मले काय माहीत? ज्वारी निसवली होती." दुसरीचे विचारले तर, "तूर फुलावर होती." सरांनी तसेच लिहिले. नऊ नावे झाली. नवव्या नावाला सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मागून सुशीला पुढे आली. ती बोलणार आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

"माह्यं बी लिवा. मी वाचली, पण माह्यं लेकरू गेलं. नाव लिवा. सही मी करतो." मी शिकवलेली तीन अक्षरे तिने वहीत काढली. त्यानंतर मात्र सरांना श्वास घ्यायला सवड मिळाली नाही.

शेवटचे दोन दिवस सर पुन्हा बाजाराच्या गावी गेले. मला राग आला. आता तिकडे कशाला? पण ते म्हणाले, त्यांचंही ऐकलंच पाहिजे. तिथल्या लोकांना भीती होती की नाल्यापल्याड जागा गेली तर डॉक्टरांची जीप पोचणार नाही. सरांनी त्यांना सुंदरामायची पाने वाचून दाखवली. तुमच्या दारातून यवतमाळची एसटी जाते, यांच्या दारातून काय जाते, एवढेच विचारले. शेवटी व्यापारीच उठले आणि म्हणाले, माझी जागा शाळेला घ्या, दवाखाना तिकडे होऊ द्या. त्यांच्याविषयी मी मनात जे जे म्हणत होतो ते मागे घेतो.

ठराव मंजूर झाला त्या दिवशी मी सभागृहाच्या बाहेर लिंबाखाली उभा होतो. सर बाहेर आले आणि नुसती मान हलवली. त्या श्रावणापासून छातीवर बसलेले काहीतरी उठून गेले, आणि मी तिथेच खाली बसलो. सरांनी मला हाताला धरून उठवले, समोरच्या हॉटेलात नेले आणि दोन कप चहा पाजला. त्या चहाइतका गोड चहा मी पुन्हा प्यालो नाही.

आमची मुलगी उज्ज्वला त्याच उपकेंद्रात जन्मली. भादव्यात, नाला दोन्ही थड्या भरून वाहत असताना. नर्सबाई दाराशी येऊन "दोघी ठीक आहेत" म्हणाल्या, तेव्हा मी नाल्याकडे पाहिले आणि प्रथमच मला त्याचा राग आला नाही.

सर आता साठीचे झाले, त्यानिमित्तच हा लेख. त्यांना विश्रांती मिळावी असे आम्ही सारे म्हणतो, पण गेल्याच महिन्यात झरी-जामणीकडच्या जंगलातल्या गावांसाठी अशाच एका समितीवर त्यांना बोलावणे आले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. या लेखाचा शेवट कसा करावा, दीर्घायुष्य कोणत्या शब्दांत चिंतावे, असे मी सुशीलाला विचारले. ती उज्ज्वलाची वेणी घालत होती.

"सरांले म्हना, तब्येत सांभाळा," ती म्हणाली. "आमचं झालं. पन तिकडं अजून लई नाले हायेत."