कॉम्प्युटर घ्यायला सासरे सोबत आले

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी अ‍ॅनिमेशन स्टुडिओतली नोकरी सोडली. त्या गेल्यावर, नोकरी सोडून तब्बल आठ वर्षं झाल्यावर, एका संस्थेनं विचारलं, मुलांसाठी आरोग्यावरच्या कार्टून फिल्म घरून करून द्याल का? आधी एका मिनिटाचा नमुना, तोही पंधरा दिवसांत. पसंत पडला तर वर्षभराचं काम. हे हुकलं तर आपल्याला पुन्हा कुणी विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता. मी व्हिडिओ बघून बघून नव्या कॉम्प्युटरची यादी केली: सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड, काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिवे. रॅम आपली उरल्यासुरल्या पैशांत बसेल तेवढी. सासऱ्यांनी यादी वाचली. ते कारखान्यात फोरमन होते. म्हणाले, दोन दिवस तू काम कर, मी शेजारी बसतो.

आली का पंचाईत! वही आणि घड्याळ घेऊन खरंच बसले. नवं मशीन मागवण्याआधी जुन्यावर काम कुठं खोळंबतं ते कारखान्यात असंच लिहून काढायचे म्हणे. मी चित्र काढत असले की गप्प. तीच चित्रं हलवून बघायला गेले की लॅपटॉप गोठायचा, आणि सासरे मिनिटं टिपायचे. माझं डोकंच फिरलं. पंधरातले दोन दिवस असे वाया चालले म्हणून मी ओट्यावर भांडी आपटली. तेही बहुतेक वहीत गेलं असणार.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. दुकानदारानं मान वर न करता यादी वाचली आणि म्हणाला, "मुलगा गेम खेळतो वाटतं." मी उसळणार तेवढ्यात सासऱ्यांनी वही पुढे सरकवली. त्यानं चष्मा लावून पानं उलटली, मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून आदबीनं विचारलं, चित्रं हातानं काढता का, एका दृश्यात चित्रांचे लेयर, म्हणजे थर, किती असतात? मी सांगितलं. तो म्हणाला, हे कार्ड तुमच्याकडे नुसतं बसून राहील. तुमचं अडतंय रॅमपाशी आणि जुन्या हार्ड डिस्कपाशी. कार्ड साधं घ्या, रॅम चौपट घ्या, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी घ्या, आणि रंग खरे दाखवणारा स्क्रीन. मी दिव्यांचं विचारलं तर म्हणाला, दिवे घरी असतीलच की.

लाजही वाटली आणि हायसंही वाटलं. सासरे नसते तर मी तो झगमगाट घरी आणून पुन्हा गोठलेल्या चित्राकडे बघत बसले असते. नमुना दोन दिवस आधीच गेला आणि पसंत पडला.

सासऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःची खोली रिकामी करून खाट हॉलमध्ये लावली. अहो बाबा, नको, म्हणून मी किती विनवलं! "काम करणाऱ्याला दार लागतं," एवढंच बोलले.

त्याच आठवड्यात दुपारी बेल वाजली. शेजारच्या काकूंना मटार सोलायला सोबत हवी होती. आठ वर्षं त्यांच्या लेखी मी 'घरीच तर असते' होते. बंद दाराआडून मला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला.

"ती कामावर गेलीय. सहानंतर या."

मी पेन खाली ठेवून ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि सहा वाजेपर्यंत काम केलं.