रेडिओवरच्या टाळ्या

आमच्या रेडिओ केंद्रात सगळे त्यांना टाळीमामा म्हणायचे. हुकूमशहाच्या भाषणात टाळ्या घालणं हे त्यांचं काम. मी शेजारच्या खोलीत बातम्या वाचायचो, म्हणजे मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो.

साहेबांना जनता जिवापाड प्रिय होती, फक्त ती समोर आलेली चालायची नाही. त्यामुळे भाषण बंद खोलीत व्हायचं आणि टाळ्या मामा नंतर जोडायचे. त्या मुळात सर्कशीतल्या. अस्वल सायकलवर बसलं तेव्हा पडलेल्या. बावीस वर्षं देशाने त्यांच्यावरच भागवलं, आणि अस्वलाने कधी तक्रार केली नाही.

मामांच्या मुलीने मात्र केली. ती शाळेत शिकवायची. "बाबा, घरोघरी प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळे खूश आहेत, मीच एक वेडा. म्हणून कोणी तोंड उघडत नाही," असं सुनावून तिने घर सोडलं आणि चार वर्षं अबोला धरला. मामा चिडले नाहीत. या देशात एक तरी खरं माणूस आहे आणि ते आपल्या पोटचं आहे, असं मला हळूच सांगायचे. सांगताना डोळे भरून यायचे.

मग एका मंगळवारी सरकार कोसळलं. "मी देश सोडणार नाही" हे भाषण टाळ्यांसकट चालू होतं, तेव्हा साहेबांचं विमान सरहद्द ओलांडून गेलंसुद्धा होतं. दुपारपर्यंत त्यांना कधीकाळी पाठिंबा दिलेला एकही माणूस शहरात सापडेना. मामांनी कात्रीने टेपचे तुकडे केले, पिशवीत भरले आणि ती पिशवी घेऊन मुलीच्या दारात उभे राहिले. तिने मिठी मारली. दोघंही खूप रडले.

पंधरवड्यात लोकशाही आली. म्हणजे सध्या तिची समिती आली, निवडणुका सवडीने. समितीत मुलगी होती. अध्यक्षांचं पहिलं भाषण बंद खोलीतच झालं, सुरक्षेच्या कारणास्तव. केंद्रात येऊन ते ऐकल्यावर ती मामांना म्हणाली, "फार ओकंबोकं वाटतंय. थोड्या टाळ्या घाला ना, बाबा."

"टेप कापली. तुलाच आणून दिली."

"एवढ्या वेळेपुरतं. लोकांना जरा धीर यायला हवा."

मामांनी तिच्यापुढे माइक सरकवला. "तुला पटलंय ना भाषण? मग तूच वाजव. एकीच्या टाळ्या हजारांच्या करायचं काम माझं."

ती वरमेल, हात खाली घेईल, असं त्यांना वाटलं होतं. काचेपलीकडून बघताना मलाही वाटलं होतं. तिने आवाज नको म्हणून हातातलं घड्याळ काढून ठेवलं आणि वाजवल्या. अगदी मन लावून वाजवल्या. मामांचा चेहरा उतरला.

"बरोबर झालं का, बाबा?"

मामांनी टेप मागे फिरवून एकदा ऐकली. मग म्हणाले, "हात जरा लांब धर. माइकला इतकं चिकटून वाजवलं की एकच माणूस आहे हे कळतं."